जुनी 'स्टार ट्रेक' चारचौघांत बसून कशी पाहावी

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर गेली तीन वर्षे दर शनिवारी रात्री जेवणे उरकून दहा-बारा माणसे जमतात आणि १९६६ साली सुरू झालेल्या मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेचा एक भाग पाहतात. कॉलेजात जाणारे माझे दोन भाचे, शेजारचे निवृत्त सर, उद्यमनगरात स्वतःचे लेथ असलेले एक स्नेही, त्यांच्या पत्नी आणि वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेली माझी आत्ती ही त्यातली कायमची मंडळी. जवळजवळ साठ वर्षांपूर्वीची, पुठ्ठ्याचे वाटावेत असे खडक असलेली ही मालिका एवढ्या निरनिराळ्या वयाच्या माणसांना कशी धरून ठेवते, आणि आपल्या घरी असे काही सुरू करायचे झाल्यास कसे करावे, हे अनेकांनी विचारले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मालिकेची पार्श्वभूमी पहिल्या दिवशी पाच मिनिटांत सांगावी, त्याहून जास्त नको. जीन रॉडेनबेरी यांनी रचलेली ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झाली, तीन हंगामांत तिचे ७९ भाग दाखवले गेले आणि ३ जून १९६९ रोजी शेवटचा नवा भाग लागला. त्यानंतर सात आठवड्यांच्या आत, २० जुलैला, माणूस चंद्रावर उतरला. म्हणजे एंटरप्राइज या अवकाशयानाची ही सगळी भ्रमंती माणसाचे पाऊल पृथ्वीबाहेर कुठेच पडलेले नसताना लिहिलेली आहे, आणि एवढे एक कळले की भाच्यांच्या वयाची मुले मालिकेकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या हंगामात ती बंद होण्याची चिन्हे दिसताच प्रेक्षकांनी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा हंगाम मिळवला. पण त्याची वेळ पडली शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा तरुण प्रेक्षक घरी नसतो. तिला खरी लोकप्रियता लाभली ती बंद पडल्यावर, स्थानिक केंद्रांनी तिचे भाग पुन्हा पुन्हा दाखवायला सुरुवात केली तेव्हा. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दिसली, आणि गच्चीवरचा अँटेना फिरवून फिरवून पाहिलेला स्पॉकचा, म्हणजे यानावरच्या अर्ध्या परग्रहवासी अधिकाऱ्याचा, चेहरा आमच्या सरांना अजून आठवतो.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. एका बैठकीत एकच भाग पाहावा, हा नियम मी सर्वांत आधी सांगतो, कारण तो मोडल्याचा परिणाम मी भोगला आहे. पहिल्यांदा दिवाळीच्या सुटीत भाचे आले असताना मी उत्साहाच्या भरात एका रात्रीत पाच भाग लावले. तिसऱ्या भागाला मोठा झोपला आणि चौथ्याला धाकटा फोन घेऊन बाहेर गेला. दोष त्यांचा नव्हता. प्रत्येक भाग सुमारे पन्नास मिनिटांचा आहे आणि तो स्वतःपुरता पूर्ण आहे. आरंभीचा छोटा प्रवेश आणि मग चार अंक अशी त्याची बांधणी असून जाहिरातींच्या जागा धरून प्रत्येक अंकाच्या शेवटी एक पेच टाकलेला आहे. आठवडाभर मनात घोळावा म्हणून लिहिलेला मजकूर लागोपाठ पाहिला की लेखकांच्या लकबी तेवढ्या उघड्या पडतात आणि विषय मात्र निसटतो. नाटक पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे चटकन पटते, कारण एका रात्री कुणी चार नाटके पाहत नाही.

दुसरी गोष्ट पडद्याची. ही मालिका जुन्या, जवळजवळ चौकोनी टीव्हीसाठी चित्रित झालेली आहे. आजच्या रुंद टीव्हीवर कधी कधी ते चित्र आपोआप ताणले जाते, माणसे बुटकी आणि फोपशी दिसू लागतात, आणि आपण नकळत मालिकेलाच हसू लागतो. भाग लावण्यापूर्वी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार चार-तीन करून घ्यावा आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. खोलीतला मोठा दिवा घालवावा, कोपऱ्यातला लहान ठेवावा. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते तेव्हा भाग जिथे थांबला तिथपासूनच आम्ही चर्चा सुरू करतो आणि लाइट आली की पुढे पाहतो. त्याने बिघडत काहीच नाही.

२००६ पासून या मालिकेची अवकाशातील दृश्ये संगणकावर नव्याने करून बसवलेली आवृत्तीही मिळते. दोन्ही आवृत्त्या हाताशी असतील तर मूळची पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हे मत कोल्हापुरात मांडायला मला संकोच वाटत नाही. बाबूराव पेंटर यांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरे भासणारे, खोली असलेले सेट उभारले ते याच गावात, आणि दामले, फत्तेलाल, शांताराम वगैरेंची प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली तीही इथेच. लाकूड, कापड, रंग आणि प्रकाश यांतून आहे त्या पैशात दुसरे जग उभे करणे म्हणजे काय, हे आपल्या मागच्या पिढ्यांनी हातांनी करून पाहिलेले आहे. एंटरप्राइजचे काम त्याच जातीचे आहे. दर आठवड्याला एवढे मोठे यान ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणार नव्हते, म्हणून माणसे प्रकाशकणांत विरघळून दुसरीकडे प्रकट होण्याची युक्ती काढली गेली, आणि खर्च वाचवण्यासाठी काढलेली ती युक्ती पुढे जगभर या मालिकेची खूण ठरली. मिठदाण्या भविष्यातल्या दिसाव्यात म्हणून चित्रविचित्र आकाराच्या आणल्या गेल्या, पण त्या मिठदाण्या आहेत हे प्रेक्षकाला कळणार नाही असे वाटल्याने डॉक्टर मॅकॉय यांची शल्योपकरणे म्हणून वापरल्या गेल्या. कप्तान कर्क पेचात सापडला की त्याचा बाकी चेहरा सावलीत ठेवून डोळ्यांवर तेवढा प्रकाशाचा आडवा पट्टा टाकलेला असतो. तो एकदा दाखवून द्यावा, मग घरातले लहान मूलही पुढच्या भागात तो स्वतः शोधते.

सुरुवात कुठल्या भागाने करावी, यावर बराच खल होऊ शकतो, पण क्रमाने पहिल्यापासून पाहण्याचा आग्रह धरू नये. सर्वांत आधी दाखवला गेलेला 'द मॅन ट्रॅप' हा भाग या मालिकेची ताकद दाखवत नाही. वाहिनीने नाकारलेला पहिला नमुना-भाग 'द केज' अभ्यासकाला मोलाचा आहे, पण त्यात कप्तान कर्क नाही, डॉक्टर मॅकॉय नाहीत, आणि स्पॉकही अजून आपल्या ओळखीचा झालेला नाही. पाणबुडीच्या लढाईसारखा रंगणारा 'बॅलन्स ऑफ टेरर' युद्धकथा आवडणाऱ्यांना लगेच पकडतो. घरात सर्व वयाची माणसे असतील तर मात्र मी एकच नाव घेईन: ९ मार्च १९६७ रोजी दाखवला गेलेला 'द डेव्हिल इन द डार्क'. पुढच्या परिच्छेदात त्याचे रहस्य उघड करावे लागणार आहे, तेव्हा ज्यांना तो आधी पाहायचा आहे त्यांनी इथे थांबून तो पाहावा आणि मग पुढे वाचावे.

जमिनीखालच्या एका खाणीत कुठलासा प्राणी पन्नासएक कामगारांना मारतो. खाणीच्या प्रमुखाच्या टेबलावर बोगद्यात सापडलेला एक गुळगुळीत गोळा ठेवलेला असतो. असे हजारो गोळे सापडले आहेत, निरुपयोगी आहेत, असे तो सहज सांगून जातो. आमच्या माडीवर हा भाग लागला तेव्हा आत्ती लसूण सोलत बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. कोण काय म्हणाले ते भाचा मधून मधून सांगत होता. टेबलावरचा तो गोळा पडद्यावर दुसऱ्यांदा आला तसे तिने हातातली पाकळी ताटलीत टाकली आणि म्हणाली, "अवो, अंडी हायत ती. आई हाय ती, पोरांसाठी मारतीया." अजून अर्धा भाग बाकी होता, आणि विज्ञान शाखेत शिकणारे माझे दोन्ही भाचे तोवर प्राण्याला मारायचे कसे याच विचारात होते.

या भागात आणखी एक बारकावा आहे आणि तो पाहणाऱ्यांना आधी सांगू नये, नंतर विचारावा. आरंभी प्राण्याला ठार मारण्याचा हुकूम कर्क देतो, आणि असा जीव विश्वात एकमेव असेल तर त्याला मारणे हा अपराध ठरेल असे स्पॉक सुचवतो. पण कर्क बोगद्यात एकटा त्या प्राण्यासमोर सापडतो तेव्हा भूमिका उलटतात: प्राणी अंगावर येत नाही हे पाहून कर्क शस्त्र रोखून धरतो, आणि एरवी शांत असणारा स्पॉक त्याला मारून टाका म्हणून आर्जवे करतो, कारण आता मित्राचा जीव धोक्यात आहे. एकाचे तत्त्व आणि दुसऱ्याची भीती यांची अशी अदलाबदल पन्नास मिनिटांत, एकही भाषण न देता घडवणे हे थोर लेखन आहे. पुढे त्या दगडी प्राण्याची जखम भरण्यासाठी डॉक्टर मॅकॉय यांना बोलावले जाते, तेव्हा मी डॉक्टर आहे, गवंडी नव्हे, असे ते कुरकुरतात आणि तरीही काँक्रीटने जखम लिंपून तिला बरे करतात. आमचे उद्यमनगरचे स्नेही त्या प्रसंगाला दर वेळी मनापासून हसतात.

इंग्रजीची अडचण घरोघरी येणार, आणि तिच्यावर सबटायटल्स हा पुरता उपाय नाही, कारण वाचता वाचता चेहरे पाहायचे राहून जातात. आम्ही एक माणूस नेमलेला असतो. त्याने भाग आधी एकदा पाहून ठेवायचा आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी भाग थांबवून दोन-तीन वाक्यांत मराठीत सांगायचे. सांगताना प्रत्येक संवादाचे भाषांतर करू नये. कोणाला काय हवे आहे आणि आडवे काय येते आहे, एवढेच सांगावे. हे काम मुलांकडे द्यावे. माझा धाकटा भाचा पूर्वी चार माणसांत तोंड उघडत नसे. आज तो यानाला प्रकाशाहून वेगाने नेणारा 'वॉर्प ड्राइव्ह' म्हणजे काय हे आत्तीला घोंगडीला घडी घालून समजावतो. घोंगडीच्या दोन टोकांवर दोन तांदळाचे दाणे ठेवायचे आणि मधली घोंगडी गोळा करायची, म्हणजे दाणा जागेवरून न हलता अंतर कमी होते, असे त्याचे प्रात्यक्षिक आहे.

यापुढची सूचना माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. चौथा अंक सुरू होण्याच्या आधी, म्हणजे कप्तानाने अजून निर्णय घेतलेला नसताना, भाग थांबवावा आणि प्रत्येकाने आपण काय केले असते ते सांगावे. या मालिकेचे आकर्षण टिकून राहिले त्याचे कारण मला तिथेच सापडते. स्पॉक हिशेब मांडतो, मॅकॉय माणसाच्या वेदनेवर बोट ठेवतात, दोघे एकमेकांना टाकून बोलतात, आणि कर्क दोघांचे ऐकून घेऊन निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो. भांडण खरे असते, कारण दोन्ही बाजूंत तथ्य असते, आणि भांडणाऱ्यांचे एकमेकांवर प्रेम असते. लेनर्ड निमॉय, डीफॉरेस्ट केली आणि विल्यम शॅटनर यांनी ही तिघांची गाठ इतकी जिवंत केली आहे की विषय कुठल्याही ग्रहावरचा असो, वाद आपल्या घरातला वाटतो. यंत्रे जुनी दिसू लागली, कपडे जुने झाले, पण असा वाद जुना होत नाही, आणि म्हणूनच ही मालिका एकट्याने पाहण्यापेक्षा चारचौघांत पाहण्याची आहे.

यासाठी 'अ टेस्ट ऑफ आर्मगेडन' हा भाग घ्यावा. दोन ग्रहांमध्ये पाचशे वर्षे युद्ध चालू आहे, पण बॉम्ब एकही पडत नाही. हल्ले संगणकावर होतात, मेलेल्यांची यादी संगणक काढतो, आणि यादीत नाव आलेली माणसे मुकाट्याने जाऊन ठरलेल्या यंत्रात स्वतःला संपवून घेतात. शहरे, कलाकृती, रस्ते शाबूत राहावेत म्हणून दोन्ही बाजूंनी हा करार केलेला आहे. आम्ही इथे थांबलो तेव्हा सर म्हणाले की हा करार मोडला तर खरे बॉम्ब पडून याहून जास्त माणसे मरतील, तेव्हा परक्याने हात घालू नये. उद्यमनगरचे स्नेही म्हणाले की ज्या कामाचा त्रास डोळ्यांना दिसत नाही ते काम माणूस कधीच थांबवत नाही. रात्री साडेअकरापर्यंत हा वाद चालला, आणि शेवटचा अंक आम्ही पुढच्या शनिवारी पाहिला. भाग अर्धवट राहण्याची भीती बाळगू नये.

'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा भाग मात्र मध्ये न थांबवता पाहावा. त्याच्याबद्दल मी इथे काही सांगणार नाही. दहाएक भाग पाहून होईपर्यंत तो राखून ठेवावा, म्हणजे कर्क आणि मॅकॉय यांची मैत्री पाहणाऱ्याच्या मनात पक्की झालेली असेल, आणि संपल्यावर लगेच दिवा लावू नये.

मालिकेचे दोष लपवू नयेत. पहिल्या नमुना-भागात यानाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी स्त्री होती. दुसऱ्या नमुना-भागात ते पात्र उरले नाही, आणि पुढे यानावरच्या स्त्रियांना आखूड झगे आणि बहुधा दुय्यम कामे मिळाली. मुली हे विचारतात आणि त्यांनी विचारावेच. त्याच वेळी हेही सांगावे की १९६६ च्या अमेरिकन टीव्हीवर निशेल निकोल्स यांची ऊहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी यानाच्या मुख्य दालनात इतरांच्या बरोबरीने बसते. पहिल्या हंगामानंतर मालिका सोडण्याच्या विचारात असताना डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबायला सांगितले, हे निकोल्स यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. तिला पाहत लहानाच्या मोठ्या झालेल्या मे जेमिसन १९९२ मध्ये अंतराळात जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. या विषयावर 'लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड' हा भाग पाहावा. त्यात अर्धा चेहरा काळा आणि अर्धा पांढरा असलेले दोन पुरुष एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. एकाची उजवी बाजू काळी आहे आणि दुसऱ्याची डावी, एवढाच फरक, आणि तो कर्कला आधी दिसतही नाही. हा भाग ढोबळ आहे, अशी टीका होते, आणि ती खोटी नाही. पण राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या त्या गावात तो पाहताना, फरक ज्याला दिसतो त्यालाच तो डोंगराएवढा वाटतो, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

गंभीर भागांनंतर हलका भाग लावावा. त्यासाठी 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' उत्तम. केसाळ, गुरगुरणाऱ्या, खायला मिळाले की वाढत जाणाऱ्या गोळ्यांनी यान भरून जाते आणि लहान मुले हसून लोळतात. त्यातच अभियंता स्कॉटी हातभर ट्रिबल्स घेऊन येतो तेव्हा आमच्या स्नेह्यांनी भाग थांबवायला लावला. "उजव्या हाताचं मधलं बोट न्हाई त्याला," ते म्हणाले. मशीनवर आयुष्य काढलेला माणूस समोरच्याचे हात आधी पाहतो. ती भूमिका करणारे जेम्स डूहन दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात होते, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले त्याच दिवशी त्यांना गोळ्या लागल्या आणि बोट गेले, आणि एरवी ते तो हात कॅमेऱ्यापासून जपत. तेव्हापासून स्कॉटी पडद्यावर आला की आमचे स्नेही जरा सरसावून बसतात, आणि इंजिनाला याहून जास्त ताण सोसणार नाही असे तो कप्तानाला बजावतो तेव्हा मान डोलावतात.

तिसऱ्या हंगामातले निवडक भागच घ्यावेत. पैसा कमी झाला होता, आणि 'स्पॉक्स ब्रेन' सारखा आरंभीचा भाग सहज वगळता येतो. मुलांना मराठीत पुढे वाचायचे असेल तर जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा हाती द्याव्यात. नारळीकरांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापुरातलाच, आणि त्यांच्या कथा वाचून भाच्यांनी मालिकेतल्या विज्ञानाच्या चुका काढायला सुरुवात केली, याचा मला फार आनंद आहे.

शेवटी कुठे थांबावे, हेही ठरवून ठेवावे. सर्वांत शेवटी दाखवला गेलेला 'टर्नअबाउट इंट्रूडर' निरोपाला योग्य नाही. त्याच्या आधीचा, १४ मार्च १९६९ चा 'ऑल अवर यस्टरडेज' शेवटच्या शनिवारसाठी ठेवावा. सूर्य फुटण्याच्या बेतात असलेल्या एका ग्रहावर सगळे लोक आपापल्या आवडीच्या भूतकाळात निघून गेले आहेत आणि मागे ग्रंथालयात एक म्हातारा ग्रंथपाल तेवढा उरला आहे. आम्ही तो गेल्या मे महिन्यात पाहिला. संपल्यावर आत्तीने विचारले, आता पुढच्या शनिवारी काय, आणि धाकट्या भाच्याने पुन्हा खाणीतल्या आईचा भाग लावायचे ठरवले. त्या वेळी सांगण्याचे काम आत्तीकडे होते.